समान माप म्हणजे काय?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कामगार चळवळीच्या आठवणी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हणालो, ‘मापांविषयी बोलतो.’ ते थोडे गोंधळले. काही आध्यात्मिक विषय असेल अशी त्यांची समजूत झाली. तसे काही नाही. शेर, मण, साखळी आणि काटा यांच्याविषयीच मी बोलणार आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची तीसेक वर्षे जिनिंगच्या आवारात, हमालांत आणि कापूस निवडणाऱ्या बायांत गेली, आणि वाचन झाले ते रात्री, मिळेल तसे. त्या आवारात रोज एकच प्रश्न निरनिराळी सोंगे घेऊन पुढे येतो : हे आणि ते एका मापाने मोजता येते का? आणि मोजले, तर त्यात कोणाचे काय जाते?

एक गंमत आरंभीच सांगतो. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ च्या मे महिन्यात. त्याच महिन्याच्या २० तारखेला पॅरिसमध्ये सतरा राष्ट्रांनी मीटरच्या करारावर सह्या केल्या. आणि त्याच महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण खत जाळणाऱ्या माणसाची तक्रार शेवटी हिशेबाची आणि मापाचीच होती, हे लक्षात ठेवावे.

आपली जुनी धान्याची मापे वजनाची नव्हती, आकाराची होती. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी हे कोष्टक आमच्या आजोबांना तोंडपाठ होते. कोष्टक ठरलेले. परंतु शेर मात्र गावागणिक वेगळा. धुळ्याचा शेर शिरपुरास चालेलच असे नाही. बरे, शेर एकच धरला तरी तो भरायचा कसा? ‘शीग’ हा शब्द आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. काठाच्या वर दाण्यांचा जो सुळका उभा राहतो ती शीग. घेणारा शिगेने घेई आणि देताना काठावरून हात फिरवून सपाट देई. दाणे उंचावरून ओतले तर ते दाबून बसतात आणि मापात अधिक मावतात. हळू सोडले तर कमी. माप तेच, भांडे तेच, तरी घेण्याचा शेर आणि देण्याचा शेर वेगळा. यात खोटे माप कोठेच नाही! तक्रार करणाऱ्याने बोट दाखवायचे कशाकडे?

हे आपल्याकडेच होते असे समजू नका. फ्रान्समध्ये १७८९ साली राज्यक्रांतीच्या आधी गावोगावच्या लोकांनी आपल्या गाऱ्हाण्यांच्या वह्या लिहून दिल्या. जमीनदाराच्या मापाविषयीची तक्रार त्यांत पुन्हा पुन्हा येते. साऱ्या देशाला एकच माप असावे ही मागणी खंड भरणाऱ्या कुळांनीही केली होती. मग पंडितांनी पृथ्वीच्या परिघावरून मीटर काढला. शेतकऱ्याला पृथ्वीच्या परिघाशी कर्तव्य नव्हते. जमीनदाराला लांबवता वा आखडता येणार नाही अशी काही वस्तू त्याला हवी होती, आणि ती पृथ्वी निघाली इतकेच.

जमिनीचे मापही प्रथम माणसाच्या अंगावरूनच निघाले. शिवकालातली काठी पाच हात आणि पाच मुठींची सांगतात. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. हात कोणाचा, हा प्रश्न साहजिक आहे. म्हणून हाताचे तसू ठरवावे लागले. एकदा चौदा तसूंचा हात ठरला की मग तो कोणाच्याच खांद्याला जोडलेला राहत नाही. समान मापाची ही पहिली अट आहे.

आता मी आपल्या खानदेशाकडे येतो. १८१८ साली खानदेश कंपनीच्या हाती गेला. सारा कसा ठरवायचा हा राज्यकर्त्यांपुढचा मोठा प्रश्न. एका शेतात काळी कसदार माती, शेजारच्यात मुरूम, तिसऱ्यात चुनखडी. यांना एका रांगेत कसे बसवावे? पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने हे काम आधी करून पाहिले होते. इंग्लंडातले अर्थशास्त्र शिकून आलेला मनुष्य. त्याने ठरविले की, प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पीक किती येते, बी, बैल, मजुरी यांचा खर्च किती होतो आणि तो वजा जाता शेतकऱ्यापाशी निव्वळ किती उरते ते काढावे, आणि त्यातले शेकडा ५५ सरकारने घ्यावे. कागदावर याच्याइतके न्याय्य दुसरे काही नाही. प्रत्यक्षात मोजणी चुकली, हाताखालच्या लोकांनी पैसे खाल्ले, आकारणी अवजड झाली आणि शेते ओस पडू लागली. जे मोजायला निघाले, ते ‘निव्वळ उत्पन्न’ कोणाच्याच हाती लागणारे नव्हते. शेतकऱ्याच्या बायकोने निंदणीला घातलेले दिवस खर्चात धरायचे की नाही? धरायचे तर कोणत्या भावाने?

त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोघे आले. त्यांनी इंदापुरापासून १८३५ च्या सुमारास काम सुरू केले आणि १८४७ साली डेव्हिडसनसह आपल्या पद्धतीचा संयुक्त अहवाल लिहिला. त्यांची हुशारी मला आजही विचार करायला लावते. जमीन किती उत्पन्न देते हा प्रश्नच त्यांनी सोडून दिला. ही जमीन त्या जमिनीच्या मानाने कितपत चांगली, एवढेच त्यांनी विचारले. उत्तम जमीन सोळा आणे. मातीची खोली पावणेदोन हात असली तर पहिला वर्ग, आणि खोली कमी होत जाईल तसतसे चौदा आणे, बारा, दहा, असे करीत नऊ वर्ग खाली दोन आण्यांपर्यंत. जमिनीला उतार आहे, चुनखडी मिसळली आहे, वाळू आहे, पाणी साचते, असा एकेक दोष आढळला की एकेक वर्ग खाली. शेताचा नकाशा काढून त्याचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात आणे लिहायचे. तालुक्याने एकूण किती भरावे हे मागचा वसूल, भाव, पाऊस, बाजाराचे अंतर असे पाहून वेगळे ठरे. आणे केवळ वाटपासाठी होते. रुपयाचे सोळा आणे हा हिशेब आपल्या माणसाच्या अंगवळणी पडलेलाच होता. ती भाषा त्यांनी मातीला लावली. ‘सोळा आणे खरे’ असे आपण अजूनही म्हणतो.

मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचेही सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. हे गणित आपल्या बोलण्यात आजही जिवंत आहे, जरी सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेले असले तरी.

ही साखळी १८५२ साली खानदेशात फिरू लागली, तेव्हा सावदा, रावेर, चोपडा या बाजूचे लोक उठले. हजारोंनी जमले, मोजणीवाल्यांना काम करू देईनात. शेवटी लष्कर आणून पुढाऱ्यांना धरावे लागले. अडाणी लोकांनी सुधारणेला विरोध केला असे याचे वर्णन पुष्कळदा होते. मला ते पटत नाही. पाटील-देशमुखांचे हितसंबंध दुखावले होते, हे खरे. परंतु साध्या कुणब्याची भीतीही खोटी नव्हती. जुन्या अदमासात त्याला घासाघीस करायला जागा होती. पाटलाच्या दारात बसून, पाऊस नाही, बैल मेला, असे सांगता येत होते. एकदा शेत साखळीखाली येऊन त्याच्यावर ‘साडेचार आणे’ असा शिक्का बसला, की बैलाची गोष्ट ऐकणारा कोणी उरत नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे : पाटलाशी गोडीगुलाबी नसलेल्या गरिबाला हाच शिक्का पुढे आधार झाला. त्याच्या शेतावर तीस वर्षे सारा वाढणार नव्हता, आणि किती भरायचे ते त्याला आधी ठाऊक होते. एकाच साखळीने एकाचे गाऱ्हाणे बंद केले आणि दुसऱ्याला मिळवून दिले.

येथे जरा आडवाटेला जातो. कंटाळा येणार नाही अशी आशा आहे. ही सोळा आण्यांची साखळी घ्या आणि एका गुंठ्याची बाजू मोजा. बरोबर सोळा आणे. आता त्याच गुंठ्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत साखळी धरा. बावीस आणे आणि वर थोडे. ते ‘थोडे’ मोजायला आण्याचे तुकडे करा. तरी थोडे उरते. त्या तुकड्याचे हजार तुकडे करा, तरी उरते. बाजू आणि कर्ण या दोहोंनाही पुरे मोजील असे कोणतेही माप, कितीही बारीक केले तरी, अस्तित्वातच नाही. ग्रीकांनी हे सिद्ध केले. आपल्या शुल्बसूत्रकारांनी यज्ञवेदी बांधण्यासाठी कर्णाची फार जवळची किंमत काढून ठेवली, आणि काही थोडे शेष राहते हे त्यांनाही ठाऊक होते असे जाणकार म्हणतात. मोजणीदाराचे यामुळे काही अडत नाही. शेत विकले जाते, बांध घातला जातो. पण एका शेताच्या दोन रेघांना जर समान माप नसेल, तर दोन माणसांच्या दिवसांना ते असेल असे आपण किती सहज धरून चालतो!

कापसाकडे येऊ. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६० नंतरच्या वर्षांत खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि भावाबरोबर भेसळही आली. ओला कापूस, सरकी, माती. मुंबई सरकारला १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. पुढे १९०० च्या सुमारास ताप्ती खोऱ्याची रेल्वे सुरतेहून आली आणि नरडाण्यासारख्या स्टेशनांवर गठाणी चढू लागल्या. पण शेतकऱ्याचा माल बाजारात मोजला जाई तो कसा? भाव रुमालाखाली बोटांनी ठरे. ज्याचा कापूस, त्यालाच तो भाव दिसत नसे. नंतर कडता, धर्मादाय, हमाली, तोलाई असे एकेक काढून घेत. १९२७ चा मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदा झाला आणि धुळ्याचा बाजार त्याखाली आला, तेव्हा उघडा लिलाव आणि उघडा काटा या दोन गोष्टी हळूहळू आल्या. १९३२ साली वजनमापांचा कायदा झाला. स्वराज्यानंतर १९५६ चा कायदा आला, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, आणि १ एप्रिल १९६२ पासून किलोग्रॅमची वजने सक्तीची झाली. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. चाळीस शेरांचा मण म्हणजे ३७ किलो आणि ३२४ ग्रॅम.

माझे वडील सांगत की, दोन आण्यांची वस्तू बारा नव्या पैशांना मिळायला हवी होती, पण दुकानदार तेरा घेई. साडेबारा होतात ना, मग अर्धा पैसा कोठून देऊ, असे तो म्हणे. तेवढ्यावर भागले असते तर बरे. आमच्या गावात खेडाखरेदी करणारा एक व्यापारी भाव ‘मणाचा’ बोले आणि काट्यावर चाळीस किलो घेई. शब्द जुना, वजन नवे. मणामागे अडीच किलोंहून अधिक कापूस नुसत्या शब्दातून जात होता. आजोबांना ते कळले नाही असे नाही. पण व्यापारी म्हणे, ‘बाबा, मण म्हणजे चाळीसच ना?’ आणि ते कोष्टक तर त्यांनाच पाठ होते.

आजही बाजारात ही दुहेरी भाषा चालते. शेतकरी कापूस क्विंटलने विकतो. रुईचा भाव मात्र खंडीने बोलला जातो, आणि ही खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोंची. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते असे धरले, तर एका खंडीला साडेदहा क्विंटलांच्या आसपास कापूस लागतो, आणि सरकीचे पैसे निराळे. हा हिशेब ज्याला तोंडी करता येत नाही, त्याला दूरदर्शनवर ऐकलेला खंडीचा भाव आणि आपल्या हाती आलेला भाव यांची तुलनाच करता येत नाही. युनियनच्या बैठकीत मी तरुणांना हे गणित सगळ्यांत आधी शिकवतो.

आता माणसाच्या श्रमाविषयी. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या आपल्या ग्रंथात पाच बाजा आणि एक घर यांचे उदाहरण घेतले आहे. त्यांची अदलाबदल होते, तर त्या अर्थी त्यांच्यात काही समान असले पाहिजे. पण बाज आणि घर यांत समान काय? तो तेथे थांबला, आणि म्हणाला की इतक्या भिन्न वस्तू खरोखर एका मापाच्या होणे अशक्यच आहे; माणसांच्या गरजेपुरते पैसा तसे करून दाखवतो. मार्क्सने १८६७ च्या आपल्या ‘कॅपिटल’ ग्रंथात हा उतारा घेऊन म्हटले, की ॲरिस्टॉटल अडला तो बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. त्याचा समाज गुलामांच्या श्रमावर उभा होता. जेथे माणसेच समान नाहीत, तेथे माणसांचे श्रम समान हा विचार सुचणार कसा? मार्क्सची सगळी मते मान्य करा असे मी म्हणत नाही. एवढी गोष्ट मात्र मला पटते, कारण ती मी आवारात पाहिली आहे. डॉ. आंबेडकरांनीही १९४९ च्या नोव्हेंबरात घटना समितीपुढे हाच इशारा दिला होता : राजकारणात प्रत्येकाच्या मताला एक किंमत, आणि सामाजिक-आर्थिक जीवनात माणसाला एक किंमत नाही.

कामगारांसाठी समान मापाचा मोठा प्रयत्न म्हणजे राहणीखर्चाचा निर्देशांक. मुंबईचे कामगार कार्यालय १९२१ साली निघाले आणि कामगार कुटुंबांच्या खर्चाची चौकशी करू लागले. आपल्या भागासाठी जळगावचा निर्देशांक निघू लागला, ऑगस्ट १९३९ चे भाव शंभर धरून. ज्वारी, डाळ, तेल, कापड, भाडे यांची एक टोपली कल्पायची, प्रत्येक जिनसेला भार द्यायचा, आणि टोपली किती महागली ते महिन्यामहिन्याला सांगायचे. महागाई भत्ता त्याला जोडला की रोजच्या रोज भांडावे लागत नाही. पण ती टोपली कोणाच्याच घरची नसते. आमची एक बाई म्हणाली होती, ‘माझ्या घरी दादर खातात, आणि ती टोपलीत आहे का?’ टोपली जुनी झाली की निर्देशांक खोटे बोलू लागतो. १९६३ साली मुंबईचे कामगार याच आकड्यावरून रस्त्यावर आले आणि लकडावाला समितीला तो आकडा तपासावा लागला.

१९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा पाया ठरवला. एका मिळवत्याच्या पाठीमागे तीन ‘एकके’, प्रौढाला २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण-दिवाबत्ती वगैरेंसाठी वीस टक्के. आपल्या चळवळीची ही मोठी कमाई आहे, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण, औषधपाणी वगैरेंसाठी आणखी पंचवीस टक्के त्यात घातले. पण तीन एकके चार माणसांतून आली कशी? पुरुष एक, बाई ०.८, आणि दोन मुले ०.६ आणि ०.६. बेरीज बरोबर तीन. उष्मांकांच्या हिशेबात हे शास्त्र असेल. परंतु हा ०.८ आकडा मी प्रथम वाचला, तेव्हा मला जिनिंगच्या आवारात डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बाया आठवल्या. समान वेतनाचा कायदा व्हायला त्यानंतर १९७६ साल उजाडावे लागले.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती मला फारशी शोभा देणारी नाही.

एका आवारात कापूस निवडणाऱ्या, कवडी आणि कचरा काढणाऱ्या बायांना रोजाने पैसे मिळत, आणि रोज मुकादमाच्या मर्जीचा. एकीला जास्त, दुसरीला कमी. आम्ही लढलो आणि करार केला : निवडलेल्या कापसाच्या किलोमागे एकच दर, सर्वांना, काटा उघड्यावर. करारावर माझी सही आहे. मला त्याचा फार अभिमान वाटला. हंगाम अर्धा झाल्यावर एक म्हातारी मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘भाऊ, काटा बरोबर शे, पन ढीग बरोबर नही.’ ती लांबच्या खेड्यावरून पायी येई, सगळ्यांत शेवटी पोचे. चांगल्या, मोठ्या बोंडाच्या कापसाचे ढीग आधी आलेल्या बाया धरीत. तिच्या वाट्याला रोज कवडीचा, पानकचऱ्याचा ढीग. दुसऱ्या बाया दिवसाला जेवढे किलो काढीत, त्याच्या निम्मेही तिचे होत नसे. पूर्वी मुकादम तिला निदान दया म्हणून पूर्ण रोज देई. माझ्या समान मापाने ती दया काढून घेतली आणि तिच्या जागी काही दिले नाही.

मला विंगेटचे आणे तेव्हा आठवले. काटा लावण्याआधी माती पाहावी लागते. आम्ही पुन्हा मालकापुढे बसलो आणि ढिगांचे दोन वर्ग पाडले, वाईट ढिगाला दीडपट दर. वर्ग ठरवायचा कोणी, यावर तीन बैठका गेल्या. मालक म्हणे मुकादम. आम्ही म्हणालो बाया. अखेर सकाळी मुकादम आणि दोन बाया मिळून ढिगात हात घालून पाहतात असे ठरले. त्या दोन बाया आठवड्याला बदलतात. वाद होतातच. कधी दोघी मिळून आपल्या मैत्रिणीचा ढीग वाईट ठरवतात, कधी मुकादम सगळेच ढीग चांगले म्हणतो. जमले नाही की ढीग मोडून अर्धा अर्धा वाटतात.

नव्या दराने त्या मावशीला मागच्या दोन महिन्यांचा फरक मिळावा, अशी मी मागणी घातली. मालकाने वही काढून पुढे ठेवली. वहीत तिच्या नावापुढे रोजचे किलो लिहिलेले होते, स्वच्छ अक्षरात, एकही खाडाखोड नव्हती. ढीग कोणता होता ते कोठेच लिहिलेले नव्हते. फरक काढता आला नाही.